धनगरवाड्यावर कॅमेरा घेऊन जाताय?

गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर. तिथल्या किंवा राधानगरीकडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर फोटोग्राफी वर्कशॉपला जाणार असाल, तर पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवा. चहा घ्या, म्हशींची चौकशी करा. गाईड सोबत आहे म्हणजे घरच्यांची परवानगी मिळाली असं होत नाही. ती ज्याची त्यालाच विचारायची. "आज्जी, फोटू काढू काय?" एवढं पुरतं. मी असं विचारल्यावर एक आज्जी म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येतो." हातातला सहज क्षण गेला म्हणून मी आधी हळहळलो. पण मग त्या स्वतःच उंबऱ्यात येऊन ऐटीत बसल्या आणि दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच निघाला.

उंबरा ही जागाच खरी. आत चुलीचा धूर, काळोख, उजेड काय तो दारातूनच येतो. माणसाला दारापासून दोन-तीन फूट आत, उजेडाकडे तिरकं बसवा. फ्लॅश नकोच, धुराचे कण उजळून चित्र पांढुरकं होतं. ५० एमएमची एफ/१.८ लेन्स (कमी उजेडात चालणारी), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६०० ते ३२००, शटर १/१२५ सेकंद. मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, 'स्पॉट'वर ठेवून फक्त चेहऱ्यावर करा, मागची भिंत काळी पडली तर पडू दे.

मुलांना चॉकलेटं, पैसे वाटू नका. त्यापेक्षा कोल्हापुरात परतल्यावर ४×६ च्या प्रिंट काढा आणि पुढच्या फेरीला नेऊन द्या. पावसाळ्यात प्रिंट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला विसरू नका, तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच.