मुंबईच्या गॅलऱ्या पाहायला निघण्याआधी

सगळ्यात आधी वार ठरवा, बाकीचं मागाहून. मुंबईतल्या समकालीन कलेच्या खासगी गॅलऱ्या रविवारी बहुतेक बंद असतात, काही सोमवारीही. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे एनजीएमए, रविवारी उघडी आणि सोमवारी बंद. त्यामुळे पुण्या-नाशिकहून सुट्टी साधून येणाऱ्याने शनिवारच धरावा. वेळ साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा-सात. नऊ वाजता फोर्टात उतरलात तर इराणी चहा मिळेल, चित्रं मिळणार नाहीत. पुण्याहून डेक्कन क्वीन सव्वासातला सुटून साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते, जायचं गणित झकास बसतं. परतीची मात्र संध्याकाळी पाच दहाला निघते, आणि तिच्यासाठी साडेचारलाच पाय उचलावा लागतो. त्यापेक्षा दादरहून रात्रीची बस किंवा ठाण्या-डोंबिवलीच्या आत्याकडे मुक्काम, यातलं एक आधीच पक्कं करून ठेवा.

वारानंतर तारीख. खासगी गॅलरीतलं प्रदर्शन साधारण महिना-दीड महिना चालतं आणि दोन प्रदर्शनांच्या मधे भिंती रंगवणं, खिळे ठोकणं, दिवे फिरवणं यात काही दिवस दार बंद राहतं. नेमके तेच दिवस तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून गॅलरीचं इन्स्टाग्राम पाहा आणि आदल्या दिवशी सरळ फोन करा. फोन उचलतात आणि नीट बोलतात. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. 2012 पासून चाललेला हा उपक्रम बाहेरगावच्या माणसाला सगळ्यात सोयीचा, कारण गॅलऱ्या आपलं चांगलं प्रदर्शन तेव्हा लावतात आणि त्या रविवारी दारंही उघडी ठेवतात. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा कलामेळा भरतो, 2023 पासून. तिथे एका छताखाली खूप पाहायला मिळतं आणि दोन तासांत डोकं भणभणायला लागतं. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात गर्दी, खरेदी आणि सेल्फी यांचीच मजा; चित्रं पाहायची असतील तर ते नऊ दिवस टाळा.

आता गृहपाठ, पण थोडाच. ज्या चार गॅलऱ्या पाहणार त्यांत सध्या कोणाची कामं लागली आहेत ती नावं वहीत लिहा आणि प्रत्येकाबद्दल दहा मिनिटं वाचा. एवढ्याने फरक पडतो. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता सुधीर पटवर्धनांनी लोकलमधली, पुलावरची, गिरणगावातली माणसं रंगवली, हे माहीत असलं की त्यांच्या चित्रातल्या गर्दीत आपण ओळखीचे चेहरे शोधायला लागतो. अतुल दोडियांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली. शटर वर केलं की आत दुसरं चित्र. प्राजक्ता पोटनीस घरातल्या भिंतींचे पोपडे आणि फ्रीजमधला बर्फ यांतून बोलते. अमोल पाटील चाळ, कामगार आणि सफाईच्या कामाचं जग घेऊन 2022 मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनापर्यंत पोचला. समकालीन कला म्हणजे कुठल्या तरी परक्या लोकांचं काही तरी, ही धास्ती ही नावं चाळली तरी बरीचशी उतरते.

रस्ता फोर्टातून सुरू करून कुलाब्यात संपवावा, म्हणजे पायपीट एकाच दिशेने होते. नवी भुयारी मेट्रो घेतली तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. लोकलने आलात तर चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत काळा घोड्याला जाता येतं. कॅथेड्रल शाळेच्या मागे क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड प्रेस्कॉट रोड नावाची गॅलरी आहे. केकू आणि खोर्शेद गांधींनी 1963 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू केलेली ही गॅलरी 2007 मध्ये इथे आली. तिची उंच छतं आणि पांढऱ्या भिंती पाहिल्या की मोठ्या आकाराचं काम इथेच का लागतं ते कळतं. तिथून जहांगीर आर्ट गॅलरी. 1952 पासून उभी असलेली ही जागा खासगी गॅलऱ्यांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने चालते: दालनं चित्रकार भाड्याने घेतात, प्रदर्शन बहुधा आठवड्याचं, प्रवेश मोफत. म्हणून इथे दर्जा वरखाली होतो, आणि मला तेच आवडतं. सांगलीहून, जळगावहून आलेला एखादा कलाशिक्षक स्वतःच्या चित्रांसमोर खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला. तो मराठीत, मनापासून आणि न कंटाळता सांगतो. बाहेर फुटपाथवरचे चित्रकारही पाहून घ्या. फक्त जहांगीरमधल्या सामोवार कॅफेचा बेत करून जाऊ नका, ते 2015 मध्येच बंद झालं.

समोरच्या एनजीएमएची इमारत 1911 ची, जॉर्ज विटेटने बांधलेला सर कावसजी जहांगीर हॉल. 1996 पासून तिथे ही गॅलरी आहे. अर्धगोल जिन्याने वर वर चढत घुमटाखाली पोचायचं, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या. तिकीट अगदी किरकोळ. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन यांचा आधुनिक कलेचा संग्रह आहे, पण तो संग्रहालयाच्या तिकिटात आणि संग्रहालयाच्या गर्दीत. पहिल्या खेपेला तो सोडला तरी चालेल.

जेवण इथेच उरका. दुपारी दोनला उपाशीपोटी मांडणीशिल्पासमोर उभं राहिलं की कलावंताचा राग येतो. कुलाबा कॉजवेवर ऑलिम्पियात खिमा-पाव, शाकाहारी मंडळींना कैलास पर्बत.

मग ताजच्या मागचा मेरीवेदर रोड. सनी हाउस या एकाच इमारतीत मिरचंदानी + स्टाइनरूके आणि कोलकात्याहून आलेली एक्सपेरिमेंटर या दोन गॅलऱ्या, आणि त्याच रस्त्यावर देविदास मॅन्शनमध्ये झवेरी कंटेम्पररी. पाट्या लहान, जिने लाकडी, दारं बंद. बंद दार पाहून परत फिरू नका. बेल वाजवा, ढकला, आत जा. खासगी गॅलरी हे खरं तर दुकान आहे, आणि या दुकानात काहीही न घेता तासभर फिरलं तरी कोणी हटकत नाही. तिकीट नाही, पोशाखाची अट नाही. टेबलाशी बसलेली मुलगी लॅपटॉपमधून मान वर करत नाही, तो तुमचा अपमान नसतो. अंगात त्राण उरलं असेल तर कुलाबा फायर ब्रिगेडजवळ प्रोजेक्ट 88 पाहा. जुन्या छापखान्याच्या जागेत ही गॅलरी 2006 पासून चालू आहे.

सोबत काय घ्यायचं ते थोडक्यात: दिवसभर चालवतील अशी चप्पल किंवा बूट, पाण्याची बाटली (गॅलरीत सॅकमधून काढायची नाही), वही आणि पेन्सिल, पॉवर बँक, आणि व्हिडिओ कामांसाठी संयम. पाठीवरची सॅक दाराशीच ठेवा. वळताना तिचा धक्का जमिनीवर मांडलेल्या कामाला लागतो, आणि ते काम आहे हे बऱ्याचदा धक्का लागल्यावरच कळतं. फोटो विचारून, फ्लॅश बंद करून. मुलं बरोबर असतील तर दोन गॅलऱ्या पुरेत.

आत शिरल्यावर टेबलावरचा कागद लगेच वाचू नका. आधी एक चक्कर मारा, एखाद्या कामापाशी थांबा, मग कागद उचला. तो इंग्रजीत असतो आणि पुष्कळदा इतका जड की समजला नाही तर दोष आपल्याकडे घेण्याचं कारण नाही. टेबलाशी जाऊन ‘हे कशाचं केलंय, कसं केलंय’ एवढं विचारलं तर साध्या शब्दांत उत्तर मिळतं. किमतीची यादी मागितली तर दाखवतात. लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाची संध्याकाळ चुकली म्हणून हळहळू नका, त्या दिवशी माणसं माणसांना पाहत असतात.

मुक्काम केलाच असेल तर रविवारची सकाळ भायखळ्यासाठी ठेवा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं, बुधवारी बंद. जुन्या वस्तूंच्या सोबतीने जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशांनी तिथे आपली कामं मांडली आहेत. सध्या असं काही लागलंय का ते आधी पाहून घ्या. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं तो, चौकातून 1965 मध्ये हलवलेला सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही शेजारच्या राणीच्या बागेत आहे. मुलं त्या बागेत पेंग्विन पाहायचा हट्ट धरणार, तेव्हा सुटे पैसे जवळ असू द्या: बागेचं तिकीट वेगळं, संग्रहालयाचं वेगळं.