कृष्णा-पंचगंगेच्या पुराआधी: सामुदायिक रेडिओ केंद्राची तयारी

मे संपायच्या आत पहिलं काम वहीचं. पंचगंगेची पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी हेच आकडे 40 आणि 45. पावसाळ्यात हे आकडे दिवसभर कानावर पडतात, पण 41 फुटांना आपल्या गोठ्यात पाणी येणार का, हे त्यावरून कुणालाच कळत नाही. ते सांगणं हेच गावच्या रेडिओचं खरं काम आहे, आणि त्याची तयारी उन्हाळ्यातच होते. आपल्या टप्प्यातल्या प्रत्येक काठच्या गावात जा, पोलीस पाटील, कोतवाल आणि 2019 व 2021 चा महापूर पाहिलेली जाणती माणसं सोबत घेऊन गल्लीगल्लीने फिरा. किती फुटांना स्मशानभूमीचा रस्ता बंद होतो, कितीला मळ्यातली वस्ती तुटते, कितीला चावडीच्या पायरीला पाणी लागतं, हे सगळं उतरवून घ्या. शिरोळकडच्या गावांसाठी दोन्ही नद्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, कारण नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं आणि एकट्या बंधाऱ्याच्या आकड्यावरून अंदाज चुकतो.

वही तयार असली की निवेदन असं होतं: ‘सकाळी 9 वाजता राजाराम बंधारा 40 फूट 6 इंच. तासाला 2 इंच वाढ. 42 फुटांना कुंभार गल्लीत पाणी येतं. हाच वेग राहिला तर संध्याकाळी 6 पर्यंत येईल. जनावरं दुपारी 2 च्या आत हायस्कूलच्या पटांगणावर न्या, चारा तिथे आहे.’ वेळ, आकडा, वेग, गल्ली आणि काय करायचं, याच क्रमाने, दोनदा वाचायचं. जनावरांचं वाक्य कधीच गाळू नका. म्हैस दावणीला असताना घर सोडायला माणूस तयार होत नाही. चारा खरोखर पोचला आहे का, हे विचारूनच ते वाक्य बोला.

पातळीचं निवेदन कधीही ध्वनिमुद्रित करून ठेवू नका. सकाळची फीत दुपारी चुकून वाजली तर तीन तासांपूर्वीच्या आकड्यावर लोक निर्धास्त बसतील. पाणी उकळून पिणं, साप चावल्यावर थेट दवाखाना गाठणं, ओल्या घरातला मेन स्विच न चालवणं, एवढंच आधी मुद्रित करून ठेवा.

आता वीज. पाणी चढलं की महावितरणला सुरक्षेसाठी पुरवठा बंद करावा लागतो, त्यामुळे गरज सर्वात जास्त असते तेव्हाच केंद्रात अंधार असतो. 50 वॅटचा ट्रान्समीटर, म्हणजे प्रसारणाचं यंत्र, प्रत्यक्षात 150 वॅटच्या आसपास वीज ओढतो. आवाजाचा मिक्सर, लॅपटॉप आणि एक दिवा धरून 270 वॅट समजा. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-अवर) बॅटरीतून, अर्धी क्षमता राखून आणि इन्व्हर्टरची गळती वजा करून, जेमतेम तीन तास मिळतात. अशा दोन बॅटऱ्या ठेवा आणि पूर आल्यावर अखंड प्रसारण सोडून दर तासाच्या सुरुवातीला 10 मिनिटंच बोला. मधल्या वेळात ट्रान्समीटर बंद ठेवल्यास त्याच बॅटऱ्यांवर दिवस निघतो. हे वेळापत्रक लोकांना आधीपासून पाठ हवं, म्हणून जूनपासूनच रोज त्याच वेळी पावसाची माहिती द्या. जनरेटर असेल तर दर पंधरवड्याला भार देऊन अर्धा तास चालवा; महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकटतं आणि ऐनवेळी दोरी ओढून हात दुखतात. बॅटऱ्या आणि ट्रान्समीटर 2019 च्या पुराच्या खुणेपेक्षा वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर टेबलावर ठेवून भागत नाही.

अँटेनाची केबल हा दुखरा भाग. कनेक्टरमध्ये पाणी मुरलं की अँटेनाकडे जाणारी शक्ती ट्रान्समीटरकडे परत येऊ लागते, ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो आणि पलीकडच्या गावांत आवाज नुसता खरखरतो. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप. केबल इमारतीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. कोरड्या दिवशी परतीच्या शक्तीचा आकडा वहीत लिहून ठेवा, पावसात वाढलेला लगेच लक्षात येतो. टॉवरच्या ताणाच्या तारा आणि अर्थिंगही तपासून घ्या.

ऐकायला साधन आहे का, हेही पाहा. फोनमधलं एफएम वायरच्या इयरफोनशिवाय सहसा लागत नाही, कारण ती वायरच अँटेना असते. ब्लूटूथवाला उपयोगाचा नाही. प्रत्येक दूध संस्थेत पेन्सिल सेलवर चालणारा एक रेडिओ आणि सेलची एक जास्तीची जोडी ठेवा. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे येतंच. भोंग्याला तो रेडिओ जोडायची वायर आजच करून घ्या.

आकडा कुठून घ्यायचा ते ठरलेलं असू द्या: जिल्हा नियंत्रण कक्ष, फोन 1077, आणि जलसंपदा विभाग. वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी येतं. ‘दरवाजा उघडला’ एवढंच ऐकून घबराट पसरते, म्हणून किती दरवाजे, किती क्युसेक आणि आपल्या गावाला त्याचा काय अर्थ, हे एका दमात सांगा. धरण फुटल्याची अफवा आली तर ती हवेत पुन्हा उच्चारू नका. कक्षातून खात्री करून धरणाची खरी स्थिती वेळेसह सांगा.

निवेदकांची पाळी लावताना त्यांची घरं नकाशावर पाहा. पुलापलीकडचा निवेदक पूल बंद झाल्यावर येऊ शकत नाही आणि काठावरच्याचं स्वतःचं घर हलवायचं असतं. केंद्राच्या बाजूला, उंचावर राहणारे निदान तिघे तयार करा, ट्रान्समीटर चालू-बंद करणं तिघांनाही शिकवा. पाळी बदलताना नव्याने बसणाऱ्याने वहीतला शेवटचा आकडा 1077 ला विचारून पडताळावा, मगच माईक उघडावा.