स्किड प्लेट घेताय? आधी गाडीखाली झोपून बघा

स्किड प्लेट म्हणजे खालून दगड लागू नयेत म्हणून गाडीच्या पोटाखाली लावायची जाड प्लेट. ती घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती एमएमची घेऊ?" मला विचाराल तर हा प्रश्न तिसरा-चौथा असायला पाहिजे, पहिला प्रश्न हा की ती प्लेट गाडीला नक्की कशाच्या आधारावर बसणारे. माझ्या एका मित्राच्या गाडीला चांगली पाच एमएमची जाडजूड प्लेट होती. नदीच्या पात्रात गाडी दगडावर टेकली, प्लेटला फक्त ओरखडा, पण ती ज्या दोन पातळ पट्ट्यांवर लटकवली होती त्या पट्ट्याच वाकल्या आणि आख्खी प्लेट वर जाऊन चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याला भिडली. चेंबर फुटलं नाही, ऑइलचा एक थेंबही खाली नाही, नुसता तळाला पोचा आला. पण चेंबरच्या आत ऑइल ओढणारी जाळी असते ती तळापासून जरा वरच असते, पोचा आला की तळ तिला जाऊन चिकटतो आणि पंपाला ऑइल मिळत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला आणि त्याने त्याच क्षणी इंजिन बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर दोन-तीन मिनिटांत बेअरिंग गेली असती.

म्हणून काहीही ऑर्डर करायच्या आधी सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. गाडी उचलायची असेल तर जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे पक्के टेकू) लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जायचं नाही, इथे हयगय नको. पुढून मागे सरकत जा आणि काय काय खाली लोंबतंय ते बघा: रेडिएटरचा तळ, चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा), सायलेन्सरचा पाइप, डिझेल-पेट्रोलची टाकी. बहुतेक गाड्यांना पुढे कंपनीचं काळं कव्हर असतं, त्याला अंगठ्याने दाबून बघा, दबलं तर ते चिखल आणि पाणी उडू नये म्हणून लावलेलं प्लास्टिक आहे, दगडापुढे त्याचा काही उपयोग नाही. आधीचे ओरखडे कुठे आहेत तेही बघा कारण तुमची गाडी कुठे टेकते हे गाडीच सांगते. सगळं एकदम घ्यायची गरज नसते, आधी चेंबर, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, मग टाकी, हा क्रम बहुतेकांना चालतो. टाकी प्लास्टिकची असली तरी दगडाला नीट तोंड देईल असं समजू नका.

आता धातू. लोखंडी प्लेट जड, गंजते, पण दगडावरून सरकते आणि वाकली तर हातोड्याने ठोकून सरळ करता येते, तडा गेला तर साधा वेल्डिंगवाला पण जोडून देतो. ॲल्युमिनियम हलकं, लोखंडासारखा लाल गंज नाही, पण मऊ असतं म्हणून दगड त्यात रुततो आणि गाडी घसरून पुढे जायच्या ऐवजी चिकटल्यासारखी अडते, शिवाय त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही. तिसरा प्रकार जाड खास प्लास्टिकचा, यूएचएमडब्ल्यू म्हणतात त्याला, दगडावरून साबणासारखं सरकतं आणि आवाजही कमी, पण सायलेन्सरच्या जवळ ते नको.

वजनाचा हिशोब घरीच करा, सोपा आहे. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा प्रत्येक एमएमला साधारण 7.85 किलो भरतो आणि ॲल्युमिनियम 2.7 किलो. म्हणजे 3 एमएम लोखंड साडेतेवीस किलो आणि 6 एमएम ॲल्युमिनियम सव्वासोळा किलो, म्हणजे दुप्पट जाडी घेऊनही ॲल्युमिनियम हलकंच. पण पूर्ण खालचा भाग झाकायला दीड-दोन चौरस मीटर लागले तर लोखंडाचे 35 ते 47 किलो झाले, वर ब्रॅकेट आणि बोल्ट वेगळे, आणि यातला मोठा वाटा पुढच्या स्प्रिंगवर येतो. आधीच पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आणि जड बंपर असेल तर गाडी नाकावर बसते, मग जो क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, वाचवायला निघालो तोच गेला. माझं मत सरळ आहे, दगडांवर हळूहळू चढ-उतार करणाऱ्याने लोखंड घ्यावं, आणि लांबचा प्रवास, कच्चे रस्ते, वाळू असं ज्याचं जास्त आहे त्याने ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममध्ये ग्रेड विचारा, 5052 चांगलं, वाकवताना तडकत नाही. 6061 टी6 जास्त मजबूत पण तीक्ष्ण वाकवलं तर वळणावर तडे जायची भीती.

जाडीपेक्षाही आकार बघा. सपाट पत्रा कितीही जाड असला तरी मधे दबतो, त्याच पत्र्याला कडा वाकवून किंवा लांबीत घड्या घालून दिल्या की तो ताठ होतो. पुढची कड वर वळलेली पाहिजे नाहीतर ती नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसते. आणि दोन-तीन प्लेटा असतील तर कौलांसारख्या एकावर एक याव्यात, पुढच्या प्लेटची मागची कड ही मागच्या प्लेटच्या खालून गेली पाहिजे, उलटं असेल तर पुढे जाताना दगड बरोबर त्या फटीत अडकतो आणि प्लेट उचकटून काढतो.

परत आधाराकडे येतो. प्लेट चासीच्या रेल्सना (लांबीत जाणाऱ्या जाड दांड्यांना) किंवा क्रॉस मेंबरला (त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) बसली पाहिजे, बॉडीच्या पातळ पत्र्याला नाही, आणि इंजिन-गिअरबॉक्सला तर अजिबात नाही कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असतं आणि दगडाचा दणका थेट गिअरबॉक्सच्या कास्टिंगला जातो. चेंबर आणि प्लेटच्या मधे दोन बोटं तरी जागा हवी, तेवढी नसेल तर प्लेट जरा दबली तरी चेंबरला लागणार आणि इंजिन हलताना खडखड आवाज येणार तो वेगळा. बोल्टची डोकी बघा, खाली बाहेर आलेली असतील तर दगड पहिल्यांदा त्यांनाच खरवडतो, एकदा कोपरे गेले की पान्हा धरत नाही. डोकी खोलगट वाटीत बसलेली पाहिजेत. ॲल्युमिनियमच्या प्लेटला लोखंडी बोल्ट असतील तर ओलाव्यात दोन धातूंच्या मधे गंज धरतो आणि बोल्ट जाम होतात, त्यासाठी झिंक चढवलेले बोल्ट, मधे नायलॉनचे वायसर आणि आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा.

सर्व्हिसिंगचा विचार बरेच जण प्लेट बसवल्यावर करतात. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर जिथे आहे तिथे प्लेटला भोक पाहिजे, आणि भोक एवढं मोठं की ऑइल प्लेटवर सांडून आत साचणार नाही. चिखल बाहेर पडायला खाचा हव्यात, पाइपने पाणी मारून आतला गाळ निघाला पाहिजे. ओला चिखल महिनोन्महिने तसाच राहिला तर चासी आतून खातो आणि बाहेरून दिसत पण नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळलेलं गवत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा डबा, शेकडो डिग्री तापतो, त्याच्या आणि प्लेटच्या मधे गवत अडकून राहिलं तर गाडी पेटू शकते, म्हणून तिथे बंद डबा करणारी प्लेट घेऊच नका, आणि गवतातून गेल्यावर गाडी थांबवून खाली वाकून बघायची सवय लावा, गवत दिसलं तर पाइप गार झाल्यावर काडीने काढा. गिअरबॉक्सखाली पण हवा खेळली पाहिजे, विशेषतः ऑटोमॅटिक असेल तर.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्या, मग पान्ह्याने थोडे थोडे करून आळीपाळीने आवळा, एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत आणि जबरदस्ती केली की चासीतले आटे जातात. सायलेन्सर कुठे टेकत नाही ना, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून काही घासत नाही ना, ते बघा. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर येईल अशी रंगाची एक रेघ मारून ठेवा, पहिल्या ट्रिपनंतर खाली बघितलं की रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट सैल झालाय हे लगेच कळतं.