जुना एंटरप्राइझ स्विच घरी आणताना या चुका टाळा

ऑफिसातून निवृत्त झालेला २४ पोर्टचा स्विच (केबलने अनेक उपकरणं एका नेटवर्कला जोडणारा डबा) मी एका रविवारी घरी आणला, पुसून टेबलावर ठेवला आणि लगेच घरच्या राउटरला जोडला. थोड्या वेळाने आईच्या फोनवरचं भजन थांबलं, मग टीव्ही अडकला, मग माझा लॅपटॉप. लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता पाहिला तर तो १० ने सुरू होत होता. आमचा राउटर १९२.१६८ वाले पत्ते देतो. म्हणजे घरात पत्ते वाटणारं आणखी कोणीतरी आलं होतं. आधीच्या कार्यालयात हा स्विच डीएचसीपी सर्व्हरचं, म्हणजे पत्ते वाटण्याचं, कामही करायचा, आणि ते सेटिंग त्याच्या पोटात जसंच्या तसं होतं. ज्या उपकरणाचं वायफाय तुटून परत जोडलं जाई, त्याला तो जुन्या ऑफिसचा पत्ता देत होता.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी असा स्विच घेतो म्हटलं की मी एकच सांगतो. या वस्तूबरोबर ते अख्खं ऑफिस घरात येतं: त्याची वीज, त्याचा आवाज, त्याचे पासवर्ड, त्याचे नियम. यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे पैसे देण्याआधी ठरवा.

मॉडेल क्रमांक न वाचता घेणं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ओएलएक्सवर 'सिस्को २४ पोर्ट' एवढंच सांगून माल दाखवतात. तेवढ्यावर भागत नाही. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०-२४टीटी-एल या मॉडेलचे २४ पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, फक्त २ पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे. घरात ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी असेल तर ती याच स्विचपाशी आकसते. एचपीच्या २५३० मालिकेत नावात 'जी' असेल तर गिगाबिट, नसेल तर १००. जे९७७६ए हा गिगाबिट आणि जे९७८२ए हा १०० वाला. समोरून दोघे भाऊ-भाऊ दिसतात. मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा फोटो मागवा आणि तो क्रमांक कंपनीच्या डेटाशीटमध्ये शोधा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

पीओईचं, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याच्या सोयीचं, तसंच. ८०२.३एएफ प्रमाणात एका पोर्टमधून १५.४ वॅट मिळतात, ८०२.३एटी म्हणजे पीओई प्लसमध्ये ३० वॅट. पण सगळ्या पोर्टना एकाच वेळी तेवढी वीज मिळेल असं स्विच सांगत नाही. २५३०-२४जी पीओई प्लसचं एकूण बजेट १९५ वॅट आहे. २४ ने भागलं तर पोर्टमागे जेमतेम ८ वॅट. चार कॅमेरे आणि दोन वायफाय ॲक्सेस पॉइंट यांना ते भरपूर झालं, पण घेण्याआधी बेरीज करा. सिस्कोच्या २९६०-एक्समध्ये 'टीएस' म्हणजे पीओई नाही, 'एलपी' म्हणजे ३७० वॅट आणि 'एफपी' म्हणजे ७४० वॅट. काही जुने वायरलेस रेडिओ २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (न विचारता थेट सोडलेल्या विजेवर) चालतात. वरच्या प्रमाणांचा स्विच आधी पलीकडचं उपकरण ओळखतो आणि मगच वीज सोडतो, त्यामुळे ते रेडिओ यावर लागणारच नाहीत. तो बिघाड समजून स्विच परत करायला धावू नका.

मेराकीचे (सिस्कोच्याच, क्लाउडवरच्या खात्यातून चालणाऱ्या ब्रँडचे) स्विच स्वस्तात दिसले तर थांबा. चालू परवाना लागतो, आणि आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो स्विच काढलेला नसेल तर तुम्हाला तो स्वतःच्या खात्यात जोडताच येत नाही. विक्रेत्याचं 'लाइट लागते, चालू आहे' हे वाक्य इथे काही कामाचं नाही.

नकली मालाचीही खबरदारी घ्या. एफ-सिक्युअरच्या संशोधकांनी २०२० मध्ये २९६०-एक्सच्या नकली प्रती उघडून तपासल्या होत्या. सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर त्या बंद पडल्या, म्हणून संशय आला होता. 'शो व्हर्जन' या आज्ञेत दिसणारा अनुक्रमांक आणि स्टिकरवरचा अनुक्रमांक जुळतो का, हे दुकानातच पाहा. (आज्ञा इथे उच्चारानुसार लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.)

वीज, आवाज आणि अर्थिंग मागाहून आठवणं

मुख्य खर्च खरेदीनंतर सुरू होतो. स्विच २४ तास चालतो. समजा तो ६० वॅट खातो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ५२५ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ४४. महावितरणच्या बिलात घरगुती वापराचे १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत आणि वाढीव युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने मोजले जातात. महिन्याला २७० युनिट जाळणारं घर या एका स्विचमुळे ३०० पार करतं. म्हणून ४८ पोर्टचा पीओई स्विच 'फक्त थोडा महाग' म्हणून उचलू नका. घरात भिंतीतून किती केबल येतात ते मोजा. बहुतेक घरांत आकडा १२ च्या आत असतो.

पंख्यांबद्दल एक निरीक्षण. चालू करताना बहुतेक स्विच पंखे पूर्ण वेगाने फिरवतात आणि सुरू झाल्यावर हळू करतात. त्यामुळे दहा मिनिटं थांबून मगच आवाजाचा अंदाज घ्या. तरीही पीओई असलेला मोठा स्विच झोपायच्या खोलीत चालत नाही. टू बीएचकेमध्ये नेटवर्कसाठी वेगळी खोली कुठून आणणार? अशा घराला बिनपंख्याचे छोटे स्विच घ्या: कॅटॅलिस्टची ८ पोर्टची कॉम्पॅक्ट मालिका, अरुबा २५३०-८जी, ज्युनिपर ईएक्स२२००-सी. पंखा बदलून शांत करायचा विचार असेल तर व्होल्टेज आणि पिनांचा क्रम तपासल्याशिवाय हात लावू नका. हवा कमी पडली की पीओईचा वीजपुरवठा आधी तापतो.

पॉवर सप्लाय काढता-घालता येणारा असेल तर तो सोबत आहे ना, हे विचारा. बरेचदा रिकामा सांगाडाच विकायला असतो. आणि पॉवर सप्लायच्या नावात शेवटी 'डीसी' असेल तर तो टेलिकॉम केंद्रातल्या ४८ व्होल्ट डीसीसाठी आहे, घरच्या २३० व्होल्टवर चालणार नाही.

अर्थिंगचा विषय लोक हसण्यावारी नेतात, मी नेत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला वायर नसते. धातूच्या खोक्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, स्विच नंतर.

कन्सोल केबलशिवाय बसणं

ब्राउझरमधून सगळं होईल ही समजूत इथे पहिल्या दिवशीच मोडते. स्विचचा पत्ता माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही, वेबपान बंद आहे. मग लागते कन्सोल केबल. आता यूएसबी ते आरजे४५ अशी तयार केबल मिळते. ती आरजे४५ असली तरी नेटवर्क पोर्टला लावायची नाही, 'कन्सोल' लिहिलेल्या पोर्टलाच लावायची. संगणकावर पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पडद्यावर विचित्र चिन्हं उमटली तर वेग चुकलाय, दुसरे वेग करून पाहा. काहीच उमटलं नाही तर एंटर दोन-तीनदा दाबा. तरीही शांतता असेल तर केबलमधली चिप तपासा. नकली प्रोलिफिक चिपला विंडोजचा ड्रायव्हर नाकारतो, आणि दोष विनाकारण स्विचवर जातो.

जुनं ऑफिस न पुसता जोडणं

माझी चूक हीच होती, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

पासवर्ड माहीत नसेल तर सिस्कोच्या कॅटॅलिस्टवर पुढचं मोड बटण दाबून धरत वीज द्या. साधारण १५ सेकंदांनी सोडल्यावर 'स्विच:' असा प्रॉम्प्ट येतो. 'फ्लॅश इनिट' ही आज्ञा दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून द्या, मग फ्लॅशमधली (स्विचच्या आतल्या साठवणीतली) 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' आणि 'व्हीलॅन डॉट डॅट' या दोन फाइली काढा आणि 'बूट' म्हणा. ज्यांच्याकडे पासवर्ड आहे ते नुसतं 'राइट इरेज' करून मोकळे होतात. तेवढं पुरत नाही. व्हीलॅनची (एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कची) यादी त्या दुसऱ्या फाइलीत असते आणि राइट इरेज तिला हात लावत नाही. एचपी-अरुबाच्या २५३० वर रीसेट आणि क्लिअर ही दोन्ही बटणं एकत्र दाबा, रीसेट सोडा, सेल्फ टेस्टचा दिवा लुकलुकू लागला की क्लिअर सोडा.

'सगळंच साफ करू' म्हणून फ्लॅश फॉरमॅट करू नका. तिथेच स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती गेली तर कन्सोलवरून एक्समोडेम या जुन्या, संथ पद्धतीने चढवावी लागते, आणि १० एमबीची फाइल ९६०० च्या वेगाने जायला सुमारे ३ तास लागतात. ही वेळ आलीच तर आधी कन्सोलचा वेग १,१५,२०० करा. शिवाय करार नसलेल्या ग्राहकाला सिस्कोच्या साइटवरून ती फाइल सहज मिळत नाही. म्हणून हाताशी आहे तीच आधी संगणकावर उतरवून ठेवा.

पुसण्यापूर्वी जुनं कॉन्फिगरेशन दिसेल. त्यात दुसऱ्यांचे पासवर्ड, एसएनएमपीची (दुरून देखरेख करायच्या सोयीची) नावं, शाखांचे पत्ते असतात. ईसेटने २०२३ मध्ये जुने राउटर विकत घेऊन तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक राउटरांत कंपन्यांची माहिती तशीच सापडली. ते वाचत बसू नका, कुणाला पाठवू नका. पुसा.

न पुसल्याची लक्षणं ओळखा. काही पोर्ट चालतात आणि काहींचा दिवा नारिंगी होऊन बंद पडतो? जुन्या पोर्ट सिक्युरिटीने तुमचा लॅपटॉप परका ठरवलाय. केबल लावली, दिवा हिरवा, पण पत्ता नाही? पोर्ट जुन्या व्हीलॅनमध्ये आहे किंवा ८०२.१एक्सची परवानगी (जोडण्याआधी ओळख पटवणं) मागतोय.

पत्ता उशिरा मिळणं, आणि 'ट्रंक' या शब्दाचा घोळ

पुसलेल्या स्विचवरही संगणक सुरू केल्यावर अर्धा मिनिट नेट येत नाही, कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. हे स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे केबलचा वेढा होऊन नेटवर्क अडकू नये म्हणून असलेल्या सोयीचं, काम आहे. पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग उघडतो. ज्या पोर्टवर संगणक, टीव्ही, कॅमेरा आहे तिथे 'पोर्टफास्ट' (न थांबता पोर्ट लगेच उघडणारं सेटिंग) लावा. स्पॅनिंग ट्री बंद करून टाकणं हा उपाय नव्हे. कुणीतरी एकच केबल दोन्ही टोकांनी स्विचमध्ये खोचली की घरातलं नेटवर्क झोपतं. २५३० वर स्पॅनिंग ट्री मुळात बंदच असते, तिथे ती स्वतः चालू करा.

सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट. एचपी-अरुबाच्या त्या जुन्या स्विचवर ट्रंक म्हणजे दोन-तीन केबल एकत्र बांधून केलेली एक वाट. व्हीलॅनसाठी तिथे टॅग्ड आणि अनटॅग्ड म्हणतात. एका ब्रँडचं वाचून दुसऱ्यावर आज्ञा देणारे इथे हमखास अडकतात.

आणखी एक गैरसमज: लेअर ३ स्विच (वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये वाट दाखवणारा; साधा स्विच लेअर २) घेतला की राउटर नको. कॅटॅलिस्ट ३५६० किंवा ३७५० व्हीलॅनमध्ये राउटिंग करतील, पण नॅट करत नाहीत, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेट देत नाहीत. राउटर लागतोच. आणि स्विचवर नवं सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट) केलं तर परतीचा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) राउटरवर घालावा लागतो. नेट देणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच राउटरांत ती सोय नसते. घरापुरते दोन-तीन व्हीलॅन असतील तर राउटिंग राउटरवरच ठेवा, स्विचला लेअर २ राहू द्या.

सुरक्षेत ढिलाई

जुन्या स्विचला नवी सुरक्षा-दुरुस्ती येत नाही असं धरून चाला. टेलनेट बंद करा, दुरून लॉग इन करायच्या त्या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघडा जातो. त्याऐवजी एसएसएच (तेच काम सुरक्षितपणे) करताना नवा लॅपटॉप नकार देईल, कारण ओपनएसएसएच या प्रोग्रामने ८.८ या आवृत्तीपासून एसएचए-१ वाल्या आरएसए सह्या (ओळख पटवायची जुनी, कमकुवत पद्धत) बंद केल्या आहेत. जुनी पद्धत त्या एका स्विचच्या पत्त्यापुरतीच चालू करा, सगळ्यांसाठी नको. सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या (नवा स्विच दुरून आपोआप लावायच्या) सोयीतून २०१८ मध्ये मोठी पळवाट उघड झाली होती. 'नो व्हीस्टॅक' देऊन ती बंद ठेवा. आणि राउटरवरून या स्विचकडे बाहेरून येणारा एकही पोर्ट उघडू नका.

लाइट गेली आणि सगळं पुसलं

तीन तास बसून सगळं लावलं, रात्री लाइट गेली, सकाळी स्विच कोरा. 'राइट मेमरी' ही बदल जपून ठेवायची आज्ञा राहिली. सिस्को आणि एचपीवर बदल लगेच लागू होतो, पण जपला जात नाही.

या सवयीचा फायदाही करून घेता येतो. दुरून काही धोक्याचं बदलायचं असेल तर सिस्कोवर आधी 'रीलोड इन १०' द्या. चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगसह उठतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग राइट मेमरी. ज्युनिपरवर याच कामाला 'कमिट कन्फर्म्ड' आहे.

ज्युनिपर ईएक्स२२०० किंवा ३३०० घेणाऱ्यांनी लाइट जाण्याकडे जास्त लक्ष द्यावं. त्याची जुनॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडी या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी आहे आणि वीज अचानक गेली की फाइल सिस्टिम बिघडू शकते. बंद करण्याआधी 'रिक्वेस्ट सिस्टम हॉल्ट' द्यावं लागतं. जिथे आठवड्यातून दोनदा वीज जाते तिथे छोटा यूपीएस नसेल तर मी हा स्विच घेऊ नका असंच म्हणेन. लॉग इन केल्यावर बॅकअप प्रतीवरून सुरू झाल्याची सूचना दिसली तर मुख्य भाग खराब झालाय. 'रिक्वेस्ट सिस्टम स्नॅपशॉट स्लाइस ऑल्टरनेट' देऊन चांगली प्रत तिकडे उतरवा, आणि तेही त्याच दिवशी, कारण बॅकअपही बिघडला तर यूएसबीवरून नव्याने इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्याचा यूपीएस मोड चालू करा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या क्षणात काही स्विच बंद होऊन परत सुरू होतात, आणि एंटरप्राइझ स्विचला उठायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॅमेरेही बंद.