एकट्यानं रॅप अल्बम करताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या अल्बमचं मिक्स (आवाज आणि वाद्यांचा तोल साधणं) झालं तेव्हा एका मित्राला बसवून सगळी गाणी ऐकवली. दुसऱ्या गाण्यात, माझ्या मते सगळ्यात जबरदस्त ओळ येऊन गेली आणि तो म्हणाला, "आत्ता काय म्हणालास?" मला तर शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. येणारच. ती ओळ मीच लिहिली होती, शेकडो वेळा म्हटली होती. कानाला अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं डोकं भरून काढत होतं.

लिहिणारा, बीट (रॅपमागचं संगीत) करणारा, रेकॉर्ड करणारा आणि मिक्स करणारा एकच असला की ही चूक हमखास होते, आणि रॅपमध्ये ती सगळ्यात महागात पडते. शब्दच कळले नाहीत तर उरलं काय?

शब्द कळत नाहीत

ज्यानं बोल कधी वाचलेले नाहीत अशा माणसाला एक व्हर्स (कडवं) ऐकवा आणि ऐकता ऐकता लिहून काढायला सांगा. तो जिथे अडेल तिथे खूण करा. मग बीट बंद करून फक्त आवाज ऐकवा. तरीही कळलं नाही, तर दोष उच्चारात आहे. बहुतेकदा ओळीच्या शेवटी श्वास संपलेला असतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. यमक तिथेच असतं, म्हणजे नेमकी जमवलेली गोष्टच हरवते. यावर इक्वलायझर (आवाजाचे पट्टे वरखाली करणारा) किंवा कॉम्प्रेसर (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) काही उपयोगाचे नाहीत. ओळ दोन तुकड्यांत रेकॉर्ड करा किंवा एखादा शब्द कमी करा.

नुसता आवाज स्वच्छ आहे पण बीट सुरू झाली की बुडतो, असं असेल तर आवाज वाढवत बसू नका. व्यंजनं ओळखू येतात ती साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि सिंथ, गिटार, स्नेअर यांचीही गर्दी तिथेच असते. बीटमधल्या त्या वाद्यांचा तेवढाच पट्टा २-३ डेसिबलनं खाली घ्या. आवाजाला हात न लावता तो पुढे येतो.

तिसरा संशयित म्हणजे डबल. प्रत्येक ओळीवर दुसरा टेक चढवला की आवाज भारदस्त वाटतो, पण दोन टेकमधले 'त', 'क', 'स' पुढेमागे पडले की शब्द फाटतात. मी आता डबल फक्त हुकमध्ये (ध्रुवपदात) आणि ओळीच्या शेवटच्या एक-दोन शब्दांवर ठेवतो, मुख्य आवाजापेक्षा बराच खाली.

खोलीचा आवाज

घरी बहुतेकदा वापरला जाणारा कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, पाठीमागून फार कमी. म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्यात शिरतो. बरेच जण माईकच्या मागे पातळ फोम लावतात आणि स्वतःच्या पाठीमागे रिकामी भिंत ठेवतात. जाड गोधडी किंवा ब्लँकेट आधी पाठीमागे टांगा, मग बाजूंना. पातळ फोम फक्त वरचा खणखणाट शोषतो; मधला घुमारा तसाच राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

रेकॉर्ड करताना हा घुमारा जाणवतही नाही, कारण कॉम्प्रेसर अजून लावलेला नसतो. तो लागला की हळू भाग वर येतात आणि त्यांच्याबरोबर खोलीही. म्हणून पहिल्याच दिवशी चार ओळी रेकॉर्ड करून त्यावर मुद्दाम जोरदार कॉम्प्रेशन लावा आणि शब्द संपल्यानंतरची शेपटी ऐका. तिथे खोली ऐकू आली तर आत्ताच थांबा, अख्खा अल्बम रेकॉर्ड झाल्यावर नव्हे.

माईकपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), आणि 'प', 'फ', 'भ' फार फुटत असतील तर तोंड किंचित तिरकं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हुक ओरडून म्हणत असाल तर त्यासाठी गेन (माईकची पातळी) वेगळा लावा. तरंगाचं डोकं कापल्यासारखं सपाट दिसलं की तो टेक पुन्हा घ्या. दुरुस्तीची साधनं आहेत, पण कापलेला आवाज पूर्ववत होत नाही.

पंधरा दिवसांनी दोन ओळी बदलाव्याशा वाटतात आणि नवा टेक दुसऱ्याच माणसाचा वाटतो, हा अनुभव अनेकांचा असेल. गेन आणि अंतर वहीत लिहून ठेवा, उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतोय आणि फ्लो घसरतोय? रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा आणि मास्टर चॅनलवरचा (जिथे सगळे आवाज एकत्र येतात) लिमिटर बंद करा, तोही उशीर वाढवतो. मिक्स करताना बफर पुन्हा ५१२ किंवा १०२४ करा.

बीट

दुसऱ्याची बीट घेत असाल तर एकसंध एमपी३ वर आवाज चढवू नका. वर सांगितलेला पट्टा खाली घ्यायचा तर वाद्यं सुटी हवीत, म्हणून स्टेम्स (वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइली) मागा. आणि परवाना वाचा. 'फ्री' लिहिलेली बीट अनेकदा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी असते, आणि लीजमध्ये (बीट भाड्यानं घेतल्यास) स्ट्रीमची मर्यादा असू शकते.

सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेला तुकडा, दोन सेकंदांचं असलं तरी चालतं, हा समज खोटा आहे. त्यात दोन हक्क असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि एक रचनेचा. परवानगी दोन्हींची लागते. १९९१ मध्ये अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीनं वापरलेल्या सॅम्पलवरून खटला झाला, न्यायालयानं परवानगीविना केलेला वापर रोखला, आणि हिप हॉपमध्ये सॅम्पलची परवानगी आधीच काढून घेणं नेहमीचं काम होऊन बसलं.

८०८ (खोल बेसचा ड्रम) फोनवर गायब होतो? छोट्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही. व्हॉल्यूम वाढवलात तर मोठ्या स्पीकरवर घोटाळा होईल. त्याऐवजी थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उपस्वर) तयार होतात आणि कानाला सूर सापडतो. ८०८ गाण्याच्या पट्टीत आहे ना, हेही बघा. बेसूर ८०८ वर चांगला रॅपरसुद्धा हरवलेला वाटतो.

आवाजाची चढाओढ

मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) चेपून चेपून मोठा करण्यात मी कित्येक रात्री घालवल्या. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास पातळी आणतं. तुम्ही उणे ७ वर दिलंत तर ते खाली ओढलं जातं आणि हाती राहतो फक्त चेपलेला किक ड्रम. ट्रू पीक (तरंगाचं खरं टोक) उणे १ डेसिबलखाली ठेवा. प्रत्येक गाणं मीटरवर एकाच आकड्यावर आणू नका, गाण्यागाण्यांत तुमचा आवाज सारखा वाटतो का ते बघा. अल्बम सलग ऐकला की स्पॉटिफायवर सगळ्या गाण्यांना एकच फरक लागू होतो, त्यामुळे शांत गाणं शांतच राहतं.

प्रदर्शनाआधी

कलाकाराचं नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं लिहा, नाहीतर गाणी भलत्याच पानावर जातात. वितरक (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी सेवा) बदललात तरी आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तेच द्या, म्हणजे जुने स्ट्रीम टिकण्याची शक्यता राहते. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान ७ दिवस आधी, आणि वितरकाकडे त्याच्याही तीन आठवडे आधी. कोणाचा किती टक्के वाटा हे हुक गाणाऱ्या मित्राशीसुद्धा लिहून घ्या, गाणं चालायच्या आधी.

अंतिम मास्टर निघेल त्याच दिवशी प्रत्येक गाण्याचं इन्स्ट्रुमेंटल, नुसता आवाज आणि सुटे स्टेम्स काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कार्यक्रमाला मागची ट्रॅक लागते तेव्हा जुना प्रोजेक्ट उघडावा लागतो, आणि तोवर त्यातलं एखादं प्लगइन चालेनासं झालेलं असतं.