रमजानमधे दुबईचं वाळवंट बघायचंय? मग नागपूरचा मे महिना आठवा

२०२५ ला धुळवड झाली अन् लगेच आम्ही चौघं दुबईला गेलो, मी, बायको, आई अन् पाच वर्षांची पोरगी. हॉटेल एवढं स्वस्त काहून मिळून राहिलं म्हणून मी खुश होतो, बुकिंग झाल्यावर कळलं की रमजान सुरू आहे. मग जो भेटे तो म्हणे, अबे दिवसभर उपाशी मराल, कॅन्सल करून टाक. केलं नाही, अन् बरं झालं नाही केलं. उपाशी वगैरे कोणी मरत नाही, फक्त दिवस उलटा करायचा असतो अन् ते आपल्या नागपूरकरांना कोणी शिकवायची गरज नाही. मे महिन्यात आपण काय करतो? सकाळी दहाच्या आत बाहेरची कामं, दुपारी दार-खिडक्या बंद करून कूलरसमोर आडवं, संध्याकाळी सहानंतर माणूस परत माणसात येतो. तिथं रमजानात अख्खं शहर तसंच चालते.

आधी तारखेचं बघून घ्या. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. तिथं २०२५ ला १ मार्चला लागला, २०२६ ला १८ फेब्रुवारीला, २०२७ ला ८ फेब्रुवारीच्या आसपास लागेल, पक्कं काय ते चंद्र दिसल्यावरच. मोमीनपुऱ्यातल्या (आपल्या नागपुरातली मुस्लिम वस्ती) तारखेवर मात्र जाऊ नका, दुबईत बहुतेक आपल्यापेक्षा एक दिवस आधी लागतो. म्हणजे पुढची काही वर्षं रमजान थंडीतच येणार, अन् वाळवंटात फिरायचा खरा सीझन तोच, उन्हाळ्यात तिथं कोणी जाऊ नये, आपण पण नाही. ईदची सुट्टी टाळा, गर्दी अन् हॉटेलचे भाव दोन्ही चढतात.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, दिवसा खायचं काय. दुबईत रेस्टॉरंट, मॉलचे फूड कोर्ट बरेचसे दिवसा पण चालू असतात, आधी पडदे लावावे लागायचे पण २०२१ पासून ती सक्ती काढली. आत बसून बिनधास्त जेवा. रस्त्यावर, बसस्टॉपवर, बीचवर, टॅक्सीत मात्र खायचं नाही, प्यायचं नाही, सिगारेट नाही, च्युइंगम पण नाही. पाण्याचा घोट पण रोज्यात चालत नाही हे आपल्या लक्षातच राहत नाही, माझा हात दहादा बाटलीकडे गेला. मेट्रोत तर बाराही महिने खाणंपिणं बंद आहे, दंड होतो. लहान मुलांना कोणी काही म्हणत नाही, पोरीला भूक लागली की आम्ही कोपरा पाहून बिस्कीट द्यायचो. दुबईच्या शेजारचं शारजा वेगळं आहे बरं का, आम्ही नागपूरवरून थेट शारजालाच उतरलो, अन् तिथं दुपारी बसून खायला जागा मिळणं कठीण, बरीच हॉटेलं फक्त पार्सल देतात. दारू तर शारजात कधीच मिळत नाही. त्यामुळं मुक्काम दुबईत करा, शारजाची म्युझियम बघायची तर सकाळी पोटभर नाश्ता करून जा अन् वेळा आधी चेक करा, रमजानात सगळ्यांच्या वेळा बदललेल्या असतात.

आमचं टाइमटेबल दुसऱ्या दिवसापासून लागलं. सकाळी आठला बाहेर, बारा-साडेबाराला मॉलमधे जेवण, एकला रूमवर येऊन चक्क झोप, चारला चहा, अन् मग रात्री एक वाजेपर्यंत फिरणं. दुपारी फिरत राहिलात तर ऊन पण लागेल, पाणी पण पिता येणार नाही अन् संध्याकाळी जेव्हा खरी मजा सुरू होते तेव्हा तुम्ही गळून पडलेले असाल. पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं.

अन् पहिल्याच दिवशी दुसरा पण धडा मिळाला. पावणेसहाला टॅक्सी शोधायला उभे राहिलो. मार्चच्या मधात सूर्य साडेसहाला मावळतो, म्हणजे सगळे घराकडे पळून राहिले, ड्रायव्हरला पण रोजा सोडायचा असतो, टॅक्सी थांबेच ना. चाळीस मिनिटं आई बॅगेवर बसून होती. मग अचानक तोफेचा आवाज आला (इफ्तारची, म्हणजे रोजा सोडायची तोफ, शहरात ठरलेल्या ठिकाणी रोज सूर्य मावळला की उडवतात) अन् रस्ता असा सुनसान झाला की जशी वर्ल्ड कपची फायनल चालू आहे. तर इफ्तारच्या आधीचा एक तास रस्त्यावर निघायचंच नाही, जिथं इफ्तार बघायचा तिथं साडेपाचलाच जाऊन बसा. ह्या तासात लोकं गाडी पण दाबून चालवतात, सिग्नलवर खजूर-पाण्याची पाकिटं वाटतात ती उगाच नाही, घाई करू नका म्हणून वाटतात. रस्ता क्रॉस करताना जपून. बुर्ज खलिफावर तर अजून गंमत, इतक्या उंचीवरून सूर्य जास्त वेळ दिसत राहतो म्हणून ८० व्या मजल्याच्या वरच्यांनी दोन मिनिटं अन् १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडायचा असं तिथल्या धर्मखात्यानं सांगितलेलं आहे.

वाळवंटाची सफारी रमजानात पण चालू असते. फक्त कॅम्पमधे बेली डान्स अन् जोरात गाणी बहुतेक नसतात, आमच्या आईला ते फारच आवडलं. बुक करतानाच विचारून घ्या की डान्स नसेल तर रेट कमी का नाही, आम्हाला एजंटनी नेहमीच्या प्रोग्रामचा फोटो दाखवला अन् पैसे पण तेवढेच घेतले. जाताना पोट हलकं ठेवा, गाडी वाळूवर आडवी-तिडवी उडते, दुपारी बिर्याणी हाणली असेल तर ती बाहेर येईल. अन् जॅकेट घ्या, सूर्य गेला की थंडी एकदम पडते.

आम्ही लहबाबला गेलो, लाल वाळूच्या टेकड्या. वाळू सुरू होते तिथं ड्रायव्हरनी टायरची हवा अर्धी काढली, टायर पसरट झालं की रुतत नाही म्हणे. तासभर त्यानी आमचे सगळे स्पेअरपार्ट हलवले, मग एका टेकडीवर गाडी बंद केली. मोबाईलवर अजान वाजली, त्यानी डॅशबोर्डच्या कप्प्यातून खजुराचा डबा काढला अन् पहिले आमच्यासमोर धरला. आई घेईच ना. "तू सकाळपासून निर्जळी आहेस बापा, पहिले तू खा," मराठीतच. हरतालिकेचा उपास करणारी बाई, तिला बाकी काही समजवावं लागलं नाही. त्यानी खाल्ला, पाणी प्यायला, मग आईनी पर्समधून संत्रा बर्फी काढली. दोन घेतल्या त्यानी, तिसरी रुमालात बांधून ठेवली.

शाकाहारी असाल तर इफ्तारच्या बुफेत विचारून खा. हरीस दिसतो आपल्या गव्हाच्या खिरीसारखा पण त्यात मटण शिजवलेलं असते, समोसे बहुतेक खिम्याचे, डाळीच्या सूपमधे पण कधीकधी चिकनचा रस्सा. लुकैमात मात्र डोळे मिटून हाणा, गुलगुल्यांसारखे गोल, वरून खजुराचा पाक, पोरीनी एकटीनी अकरा खाल्ले. घरचं जेवण आठवलं की बर दुबई भागातल्या मीना बाजारात जा, तिथं इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं आहे. अल फहीदीत, म्हणजे दुबईच्या जुन्या वस्तीत, शेख मोहम्मद कल्चरल सेंटरवाले पाहुण्यांसाठी इफ्तार ठेवतात, खाली बसून जेवायचं अन् मनात येईल ते विचारायचं, मोठ्या हॉटेलच्या बुफेपेक्षा मला तेच भारी वाटलं, आधी बुक करावं लागते. कपडे खांदे-गुडघे झाकणारे ठेवा, कोणी भेटलं की "रमजान करीम" म्हणा, समोरचा खुश होतो.

बॅग भरताना एक गोष्ट विसरू नका. खसखस तिथं बंदी आहे, चिमूटभर पण नाही, ड्रग्जमधे धरतात, म्हणजे खसखस घातलेला सावजीचा मसाला न्यायचा नाही. विड्याचं पान चालत नाही, अन् भावांनो, खर्रा (आपला तंबाखू-सुपारीचा) तर विसराच, चार दिवस सुटतो, मेलं नाही कोणी. खोकल्याच्या, दुखण्याच्या काही गोळ्यांवर पण तिथं निर्बंध आहेत, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा. आमच्या आईनी मसाल्याची पुडी साडीच्या घडीत ठेवली होती, सोनेगावला एअरपोर्टच्या दारात बायकोला आठवलं, तिथंच बॅग उघडून काढली अन् सोडायला आलेल्या भावाच्या हातात दिली. त्यानी त्याच रात्री रस्सा करून व्हॉट्सअपवर फोटो टाकला.