जुना टीव्ही रेकॉर्डर: नवा बॉक्स घेण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

हार्डडिस्क असलेला सेट टॉप बॉक्स सात-आठ वर्षांचा झाला की कुरकुरायला लागतो. चित्र मध्येच थिजतं, रात्रीची मालिका अर्धीच रेकॉर्ड होते, कधी बॉक्स आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग 'बॉक्स गेला, नवा घ्या' असा सल्ला लगेच मिळतो. पण या यंत्रात आधी थकतात ते तीनच भाग: गच्चीवरून येणारी केबल, वीजपुरवठा आणि हार्डडिस्क. बाकीचं सर्किट सहसा खणखणीत असतं. या तिघांपैकी कोण बिघडलंय याचा बराचसा अंदाज बॉक्स न उघडताच येतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी पाहून घ्या. बॉक्स तुमच्या मालकीचा आहे की कंपनीने वापरायला दिलेला, हे बिलावर किंवा करारावर तपासा. कंपनीचा असेल तर तो उघडू नका. केबल, अडॅप्टर आणि बाहेरची साफसफाई एवढंच करा. दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. ती डिस्कवर कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असतात आणि किल्ली त्याच बॉक्सकडे आणि त्याच्या कार्डाकडे असते. डिस्क काढून संगणकाला लावली तरी ती दिसत नाहीत, दुसऱ्या बॉक्समध्येही चालत नाहीत. म्हणून नातीचा टीव्हीवरचा कार्यक्रम किंवा आजीचं आवडतं कीर्तन जपून ठेवलं असेल, तर बॉक्स चालू आहे तोवर सगळ्यांनी मिळून ते पाहून घ्या. डिस्क बदलल्यावर ते परत मिळत नाही.

लक्षण नीट पाहा

चित्र कसं बिघडतं यात निम्मं निदान आहे. चौकोन-चौकोन होऊन चित्र फुटतंय आणि आवाज तुटक येतोय, तर सिग्नल कमी पडतोय. चौकोन न दिसता चित्र एकदम थिजून काही सेकंदांनी पुढे उडी मारत असेल, तर डिस्कवर संशय घ्या. थेट प्रक्षेपण पाहतानाही असं होऊ शकतं, कारण पॉज करण्याची सोय देण्यासाठी बॉक्स चालू वाहिनीही सतत डिस्कवर लिहीत असतो. म्हणूनच ही डिस्क घरातल्या संगणकाच्या डिस्कपेक्षा कितीतरी जास्त राबते.

खात्रीसाठी बिघडलेलं रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा लावा. त्याच जागी तेच चौकोन दिसले, तर रेकॉर्ड होतानाच सिग्नल खराब होता. डिस्क निर्दोष आहे. त्याच जागी चित्र अडलं आणि बॉक्समधून बारीक टक-टक ऐकू आली, तर डिस्कचा तो भाग खराब झाला आहे.

केबल आणि छत्री

दोन ट्यूनरच्या, म्हणजे एकाच वेळी दोन वाहिन्या पकडणाऱ्या, रेकॉर्डरला बहुतेक ठिकाणी छत्रीवरून दोन स्वतंत्र केबल येतात. पावसाळ्यात त्यातली एक खराब होते आणि मग गोंधळात टाकणारी तक्रार सुरू होते: टीव्ही छान दिसतो, पण रेकॉर्डिंग कधी होतं, कधी नाही. मेनूत जाऊन दोन्ही ट्यूनरची सिग्नल पातळी पाहा. 'स्ट्रेंग्थ'पेक्षा 'क्वालिटी'चा आकडा महत्त्वाचा.

एका ट्यूनरचा आकडा कमी असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून दोन्ही केबलांची अदलाबदल करा आणि पुन्हा पाहा. दोष दुसऱ्या ट्यूनरकडे गेला, तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी (छत्रीच्या पुढे बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) खराब आहे. जिथल्या तिथे राहिला, तर ट्यूनर. बटण बंद करणं विसरू नका. याच केबलमधून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, आणि चालू बॉक्सवर मधली तार बाहेरच्या कड्याला टेकली तर शॉर्ट होतो.

मग कनेक्टर उघडून पाहा. आरजी-६ केबलच्या टोकाशी मधली तांब्याची तार कड्याच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर यायला हवी आणि चकचकीत हवी. काळी किंवा हिरवट झाली असेल तर आत पाणी शिरलंय. केबलमधल्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला चिकटला तरी 'नो सिग्नल' येतो, आणि हा धागा डोळ्यांपुढे असूनही सहज सुटतो. केबल अर्धा फूट मागे कापून नवा एफ कनेक्टर लावा. शक्यतो दाबून बसवायचा घ्या, पिळून बसवायचे वर्षभरात सैल होतात. छत्रीजवळच्या जोडावर रबरी टोपी चढवा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलातून टपकतं, भिंतीच्या भोकातून आत येत नाही. ही कामं मे महिन्यातच उरका. जूनमध्ये ओल्या गच्चीवर चढणं धोक्याचं.

छत्री हलल्याची शंका असेल तर दिशा ताडून पाहा. पुण्याहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह उत्तरेपासून उजवीकडे सुमारे १५३ अंशांवर, म्हणजे दक्षिण आणि आग्नेयेच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ६६ अंश उंच असतो. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ सुमारे १३२ अंशांवर, जवळजवळ थेट आग्नेयेला, ५९ अंश उंच. इतक्या उंचीमुळे लांबची इमारत आड येत नाही. आड येतं ते जवळचं: वरच्या मजल्याची नवी ग्रिल, पत्र्याची शेड, बाल्कनीला टेकलेली फांदी. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं सिग्नल जाणं मात्र बिघाड नव्हे. त्या वेळी छत्रीला हात लावू नका, नाहीतर ऊन पडल्यावर खरा बिघाड हाती येईल.

वीजपुरवठा

बॉक्स सुरू होता होता बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि हे चक्र थांबतच नाही? आधी अडॅप्टर तपासा. मल्टिमीटरने नुसता मोजला तर थकलेला अडॅप्टरही १२ व्होल्ट दाखवतो. खरं रूप भाराखाली कळतं. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेवर क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि नेमक्या त्याच क्षणी म्हातारा अडॅप्टर कोसळतो. बॉक्स सुरू होत असताना मोजा. ११.४ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर अडॅप्टर बदला. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर लिहिलेल्याइतके किंवा जास्त, आणि पिनची धन-ऋण बाजू जुन्या लेबलवरच्या खुणेप्रमाणे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या, पिनचा आकार दुकानातच जुळवून पाहता येतो.

वीजपुरवठा बॉक्सच्या आत असेल तर दोष बहुधा कपॅसिटरचा. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. थकलेला फुगतो, माथ्यावरची रेघ ताणली जाते, कधी बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसतो. दुरुस्तीवाला १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा, लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेल्या) प्रकारचा बसवतो. हे काम त्याच्याकडेच द्या. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची शक्यता असते. त्या दिवशी सकाळीच बॉक्स रिमोटने आणि मग बटणाने बंद करून ठेवा. डिस्क लिहीत असताना वीज गेली की रेकॉर्डिंगची यादी बिघडते. राउटरसाठीचा छोटा यूपीएस या बॉक्सला लावण्याआधी त्याचे अँपिअर वाचा. बरेचसे दोन अँपिअरच्या आतले असतात आणि डिस्कच्या पहिल्या झटक्यालाच मान टाकतात.

उष्णता आणि धूळ

बॉक्स टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर आणि बाजूंना चार-चार इंच जागा सोडा, त्यावर राउटर ठेवू नका, खाली भरतकामाचा रुमाल अंथरू नका. बऱ्याच बॉक्सना खालूनही हवा लागते. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने जाळ्या साफ करा. उबेला झुरळं आणि पाली येतात, आणि पालीने सर्किटवर शॉर्ट केलेले बॉक्स दुरुस्तीवाल्यांना नवे नाहीत. मागच्या मोठ्या फटींवर बारीक नायलॉन जाळी लावा, हवा मात्र अडवू नका. पंखा असेल आणि घरघरत असेल तर तेवढ्याच आकाराचा बदलून घ्या.

रिमोट चालत नसेल तर तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे.

यूएसबी डिस्कवर रेकॉर्ड करणारे बॉक्स

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. २.५ इंची डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते, म्हणून मधूनच 'डिस्क सापडली नाही' असं दिसतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की ही तक्रार संपते. सतत रेकॉर्डिंगसाठी पेन ड्राइव्ह वापरू नका, तो लिहायला संथ असतो आणि लवकर झिजतो. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. त्यामुळे लांब कार्यक्रमाचे तुकडे झाले तर तो बिघाड नाही.

डिस्क तपासणं आणि बदलणं

स्वतःच्या बॉक्सचाच हा भाग, आणि तोही अडॅप्टरवर चालणाऱ्या. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, झाकण उघडा, डिस्कच्या दोन्ही साटा केबल (एक माहितीची, एक विजेची) सोडवा आणि डिस्कशिवाय बॉक्स सुरू करा. बरेच रेकॉर्डर तसे चालू होतात. टीव्ही तासभर न अडता चालला, तर आजार डिस्कचा आहे.

दुसरी खात्री: डिस्क साटा-यूएसबी डॉकने संगणकाला लावा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' विचारेल, तिथे रद्द करा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) आणि 'पेंडिंग' (वाचायला अडणाऱ्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांचे, आकडे पाहा. दोन्ही शून्य असतील तर डिस्क परत बसवा आणि दोष साटा केबलमध्ये शोधा. ती सैल होणं किंवा मुडपणं सर्रास घडतं. पेंडिंगचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरले.

नवी डिस्क घेताना सीसीटीव्हीसाठीची घ्या, चोवीस तास लिहिण्यासाठीच ती बनवलेली असते. क्षमता मूळ डिस्कइतकीच ठेवा, मोठी डिस्क प्रत्येक बॉक्स ओळखत नाही. ८ मेगाबिटच्या एचडी वाहिनीचा एक तास सुमारे ३.६ जीबी घेतो, म्हणजे ५०० जीबीत १३० तासांच्या आसपास मावतात. तेवढे पुरतात. जुन्या डिस्कखालचे रबरी वॉशर नव्या डिस्कखाली लावायला विसरू नका, नाहीतर रात्री शांततेत युनिटचा कप्पा गुणगुणायला लागेल.

सुरू केल्यावर बॉक्स स्वतःच डिस्क फॉरमॅट करतो किंवा परवानगी मागतो. त्यानंतर मालिकांची वेळापत्रकं नव्याने लावा. आधी नव्या डिस्कवर एक छोटं रेकॉर्डिंग करून घ्या, मग दोन वाहिन्या एकाच वेळी दोन तास रेकॉर्डला लावून, त्याच वेळी ते छोटं रेकॉर्डिंग चालवून पाहा. या तिहेरी कामात बॉक्स अडला नाही आणि डिस्कला हात लावल्यावर ती कोमट लागली, चटका बसला नाही, तर प्लग काढून झाकणाचे स्क्रू आवळा.